डेव्हिड ब्रायंट तीस वर्षं जिंकत कसा राहिला?

प्रश्न असा होता की लॉन बोल्स (हिरवळीवर चेंडू लोटायचा खेळ) हा तर निवांत, वय झालेल्या लोकांचा खेळ वाटतो, मग डेव्हिड ब्रायंटला या खेळातला सगळ्यात मोठा चॅम्पियन का म्हणतात आणि अशा चॅम्पियनचं करियर असतं तरी कसं. मी पंचवीस वर्षं हा खेळ खेळतोय, त्यातली शेवटची बारा वर्षं शिकवतोय पण, आणि ब्रायंटच्या जुन्या मॅचेसची रेकॉर्डिंग्ज किती वेळा बघितली असतील याचा हिशोबच नाही. त्यामुळे सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी वर्षं डोळ्यासमोर ठेवा. ब्रायंटचा जन्म १९३१ चा, इंग्लंडमधल्या सॉमरसेटमधलं क्लीव्हडन नावाचं समुद्रकाठचं गाव. पेशाने शाळामास्तर. १९६२ ला पर्थच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये सिंगल्सचं सोनं आणि त्याच स्पर्धेत फोर्सचंही (चार जणांच्या संघाचं) सोनं. १९६६ च्या गेम्समध्ये बोल्स ठेवलंच नव्हतं, पण त्याच वर्षी सिडनीला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि तिथे सिंगल्सचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन हाच. मग १९७० एडिनबरा, १९७४ क्राइस्टचर्च, १९७८ एडमंटन, तिन्हीकडे कॉमनवेल्थचं सिंगल्स सोनं. म्हणजे १९६२ ते १९७८ या काळात ज्या ज्या गेम्समध्ये बोल्स होतं त्या सगळ्या गेम्समध्ये सिंगल्सचं सोनं एकाच माणसाकडे. पुढे १९८० आणि १९८८ ला परत मैदानी जागतिक सिंगल्स, १९७९, ८०, ८१ ला इनडोअर जागतिक सिंगल्स, आणि टोनी ऑलकॉकबरोबर इनडोअर पेअर्सची (जोडीने खेळायच्या प्रकाराची) सहा जागतिक विजेतेपदं, त्यातलं शेवटचं १९९२ मध्ये, तेव्हा तो ६० वर्षांचा होता. इंग्लंडची राष्ट्रीय सिंगल्स सहा वेळा जिंकला ते वेगळंच.

ही यादी लोक वाचतात आणि म्हणतात हो, वय आड येत नाही ना या खेळात, म्हणून जमलं. मला हे अजिबात पटत नाही. वय आड येत नाही तर मग बाकीच्यांना का नाही जमलं? प्रत्येक देशात हजारो लोक चाळीस-चाळीस वर्षं हा खेळ खेळतात, त्यातला एखादाच दोन-तीनदा जागतिक फायनलपर्यंत जातो. म्हणजे ब्रायंटकडे काहीतरी असं होतं जे बाकीच्यांकडे नव्हतं, किंवा होतं पण टिकलं नाही.

माझ्या मते त्याचं उत्तर त्याने कुठे कुठे जिंकलं यात आहे. मैदानी जागतिक सिंगल्सची तिन्ही ठिकाणं बघा, सिडनी, मग मेलबर्नजवळचं फ्रँक्स्टन, मग ऑकलंड. तिन्ही दक्षिण गोलार्धात, इंग्लंडपासून पार दुसऱ्या टोकाला. १९७२ ची जागतिक स्पर्धा त्याच्याच देशात, वर्दिंगला झाली आणि ब्रायंट तेव्हा इंग्लंडचा राष्ट्रीय चॅम्पियन होता (१९७१, ७२, ७३ अशी सलग तीन वर्षं), पण ते जागतिक विजेतेपद वेल्सच्या माल्डविन इव्हान्सकडे गेलं. घरच्या गवतावरचं हुकलं आणि परक्या गवतावरची तीन मिळाली. हे का महत्त्वाचं आहे ते कळायला आधी हिरवळीचं प्रकरण समजून घ्यावं लागतं.

खेळ थोडक्यात असा. एका टोकाला मॅट, त्यावर उभं राहून छोटा पांढरा किंवा पिवळा जॅक लोटायचा, तो मॅटपासून किमान २३ मीटर तरी लांब जायला हवा, आणि मग आपले बोल (आम्ही चेंडूला बोल म्हणतो) त्या जॅकच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. सिंगल्समध्ये प्रत्येकी चार बोल, साधारणपणे २१ गुण ज्याचे आधी होतील तो जिंकला. बोल पूर्ण गोल नसतो, एका बाजूने त्याचा आकार किंचित वेगळा असतो, त्याला बायस म्हणतात, त्यामुळे तो सरळ जातच नाही, वळतो, आणि वेग कमी होत जातो तसा जास्त जास्त वळतो. शेवटच्या काही मीटरमध्ये तर तो चक्क आत शिरतो. नवीन माणसाला वाटतं की सगळी गंमत या वळणात आहे. खरी गंमत वेटमध्ये आहे. वेट म्हणजे वजन नाही हं, बोल किती जोरात सोडला तो अंदाज.

आता हिरवळीचा स्पीड. आम्ही तो सेकंदात मोजतो, बोल हातातून सुटल्यापासून साधारण २७ मीटरवर जाऊन थांबेपर्यंत किती सेकंद लागले. इथे सगळे गोंधळतात, कारण जास्त सेकंद म्हणजे हिरवळ जास्त फास्ट. गुळगुळीत, कडक, बारीक कापलेल्या हिरवळीवर बोलला अडथळा कमी होतो, त्यामुळे तो हळू सोडला तरी पोचतो, म्हणून जास्त वेळ चालत राहतो. इंग्लंडमधल्या ओलसर, मऊ गवतावर हा आकडा साधारण १० ते १२ सेकंद. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १५, १६, कधी १८ च्याही पुढे. न्यूझीलंडमध्ये तर बऱ्याच ठिकाणी गवत नसतंच, कोटुला नावाची जमिनीलगत पसरणारी बारीक पानांची वनस्पती असते आणि ती वाळली की बोल काचेवरून चालल्यासारखा चालतो.

याचा परिणाम दोन्ही गोष्टींवर होतो. एक, बोल जास्त वेळ चालतो म्हणजे बायसला वळवायला जास्त वेळ मिळतो, म्हणून कमान खूप रुंद होते, इंग्लंडमध्ये जिथे नेम धरला असता तिथून कितीतरी बाहेर नेम धरावा लागतो, इतका बाहेर की शेजारच्या रिंकमध्ये (दुसऱ्या मॅचच्या पट्टीत) टाकतोय असं वाटतं. दोन, हाताचा झोका पार छोटा होतो. इंग्लिश गवतावर जो झोका सवयीचा आहे तोच इथे मारला तर बोल थेट पलीकडच्या खंदकात, म्हणजे हिरवळीच्या कडेच्या चरात. मी स्वतः पहिल्यांदा खूप फास्ट हिरवळीवर उतरलो तेव्हा पहिल्या दोन एंडला (दोघांचे सगळे बोल टाकून झाले की एक एंड) माझे निम्मे बोल खंदकात गेले, आणि तिसऱ्या एंडला घाबरून इतका हात आखडला की बोल अर्ध्यातच थांबले. मॅच तिथेच गेली. डोक्याला कळत होतं, हाताला कळायला दोन दिवस लागले.

थोडं गणित सांगतो, कारण हे गणित कळलं की ब्रायंट कळतो. गवताचा अडथळा जवळपास सारखा धरला तर बोल किती लांब जाणार हे सुटतानाच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. म्हणजे वेगात फक्त १ टक्का चूक झाली तर अंतरात २ टक्के चूक होते, ३० मीटरवर ती झाली ६० सेंटिमीटर. वेगात ५ टक्के चुकलात तर बोल तीन मीटर पुढे किंवा मागे. उलट दिशेत एक पूर्ण अंश चुकलात तरी ३० मीटरवर फरक साधारण ५० सेंटिमीटरचाच पडतो. आणि दिशा डोळ्याला दिसते, समोर खूण धरता येते, पुढच्या वेळी सुधारता येते. वेट दिसत नाही. ते फक्त हातात असतं, आणि ऊन पडलं, ढग आला, दुपारनंतर गवत वाळलं, संध्याकाळी दव पडलं की ते बदलतं, एकाच मॅचमध्ये दोन-तीनदा बदलतं.

म्हणून क्लीव्हडनच्या मंद गवतावर वाढलेला माणूस सिडनी, फ्रँक्स्टन आणि ऑकलंडला जाऊन तिथल्याच वातावरणात वाढलेल्या लोकांच्या पुढे जातो, ही मला त्याच्या करियरमधली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पदकांच्या आकड्यापेक्षाही मोठी. त्यात मध्येच १९७९ ला स्कॉटलंडमध्ये कोटब्रिजला इनडोअरची जागतिक स्पर्धा सुरू झाली, गवताऐवजी कार्पेट, वारा नाही, ऊन नाही, आणि पहिली तिन्ही वर्षं तिथेही हाच जिंकला. १९८० च्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत तर तो मैदानी आणि इनडोअर दोन्हीकडचा सिंगल्स चॅम्पियन होता. एक माणूस, तीन पूर्ण वेगळे पृष्ठभाग, आणि हात प्रत्येक वेळी जुळवून घेतोय.

हे त्याने कसं केलं? त्याची बोल टाकायची पद्धत बघा, रेकॉर्डिंग मिळालं तर नक्की बघा. तोंडात पाइप दातात धरलेला, आणि मॅटवर आला की आधी गुडघे वाकवून पार खाली बसायचा, बोल हातात समोर, नजर रेषेवर, तिथे क्षणभर थांबायचा, मग थोडा वर उठत एक पाऊल पुढे टाकून बोल सोडायचा. खूप जणांना ती त्याची लकब वाटायची, पाइपसारखीच. माझ्या दृष्टीने त्याच्या करियरचा पाया तिथे आहे. उभ्याने टाकणारा माणूस प्रत्येक वेळी थोडा वेगळा वाकतो, दमला की कमी वाकतो, टेन्शनमध्ये घाईत वाकतो, आणि बोल सुटायची उंची बदलली की वेट बदललंच. खाली बसून सुरुवात केली की सुरुवातीची जागा दरवेळी तीच राहते. पहिला बोल असो की शंभरावा, स्पर्धेचा पहिला दिवस असो की फायनल. बदलायचं ते फक्त झोक्याची लांबी आणि पावलाचा जोर, बाकी सगळं जिथल्या तिथे. ज्याच्याकडे बदलायच्या गोष्टी कमी असतात तो नवीन हिरवळीवर लवकर जुळवून घेतो, हे मी शिकवताना इतक्यांदा बघितलंय की आता त्यावर वाद घालायची इच्छा राहिलेली नाही.

पण लगेच सगळ्यांनी त्याच्यासारखं बसायला लागू नका. ती पद्धत गुडघ्यांवर आणि मांड्यांवर भरपूर ताण टाकते. सिंगल्सची एक मॅच वीस-पंचवीस एंड चालली तर ऐंशी-शंभर वेळा खाली बसून उठायचं, हातात दीड किलोच्या आसपासचा बोल घेऊन, आणि मोठ्या स्पर्धेत दिवसाला दोन मॅचेसही असतात. पुन्हा प्रत्येक एंडनंतर पलीकडे चालत जाऊन तिकडून खेळायचं. लोक याला निवांत खेळ म्हणतात. तिसऱ्या तासाला ज्याच्या मांड्या थरथरायला लागतात त्याचं वेट सगळ्यात आधी जातं, आणि हा माणूस ५६ व्या वर्षी जागतिक स्पर्धेत सगळ्या मॅचेस तशाच बसून-उठून खेळला. वय आड येत नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

आता डावपेच. ब्रायंट मुळात ड्रॉ खेळणारा. ड्रॉ म्हणजे बोल शांतपणे वळवत आणून जॅकपाशी थांबवायचा. याच्या उलट ड्राइव्ह, पूर्ण जोरात मारून समोरच्याचे बोल किंवा जॅकच उडवायचा. ड्राइव्ह बघायला भारी, बसला तर प्रेक्षक उठून टाळ्या वाजवतात, आणि ब्रायंटला मारता येत नव्हता असं अजिबात नाही, वेळ आली की तो मारायचा. पण सिंगल्समध्ये चार बोल हातात असताना ज्याला दर एंडला दोन बोल जॅकच्या फूटभर अंतरात आणता येतात त्याला मारायची गरजच कमी पडते, उलट समोरच्यालाच मारायला भाग पाडता येतं, आणि समोरचा मारायला लागला की त्याचं ड्रॉचं वेट बिघडतं. पूर्ण ताकदीने एक बोल मारून झाल्यावर लगेच दुसरा हळुवार सोडणं हे या खेळातलं फार अवघड काम आहे.

आणि नवीन खेळाडूला न दिसणारी गोष्ट म्हणजे मागचा बोल. दोन बोल जॅकजवळ आहेत, मस्त, पण समोरचा ड्राइव्ह मारणार हे दिसतंय, मग तिसरा बोल जॅकजवळ न टाकता मुद्दाम दोन-अडीच मीटर मागे टाकायचा. जॅक उडून मागे गेला तर तिथे आपला बोल आधीच बसलेला. ज्या बोलने जॅकला स्पर्श केलाय त्याला टचर म्हणतात, त्यावर खडूची खूण करतात, तो खंदकात पडला तरी जिवंत राहतो, आणि जॅकसुद्धा आपल्या रिंकच्या हद्दीत खंदकात गेला तर खेळात राहतो. त्यामुळे मागची जागा कोणाची आहे याचा हिशोब सतत चालू ठेवावा लागतो. ब्रायंटसारखे लोक हा हिशोब पहिल्या बोलपासून करतात, आम्ही बाकीचे जॅक उडाल्यावर करतो.

अजून एक हत्यार आहे, लांबी बदलायची. जो एंड जिंकतो तो पुढच्या एंडला मॅट ठेवतो आणि जॅक टाकतो. म्हणजे समोरच्याला लांबचा एंड आवडायला लागलाय असं दिसलं की एक एंड जिंकायचा आणि मॅट पुढे घेऊन जॅक आखूड टाकायचा, त्याला परत शून्यापासून वेट शोधायला लावायचं. पण हे त्यालाच परवडतं ज्याचं स्वतःचं वेट लांबी बदलल्यावर पहिल्याच बोलला सापडतं. नाहीतर समोरच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आपणच जातो.

१९८८ च्या स्पर्धेबद्दल थोडं सांगायलाच हवं. ऑकलंडमधलं हेंडरसन, फायनलला समोर स्कॉटलंडचा विली वूड, जो स्वतः १९८२ चा कॉमनवेल्थ सिंगल्स विजेता आणि मैदानी हिरवळीवरचा जबरदस्त टच असलेला खेळाडू. त्याआधीची १९८४ ची स्पर्धा न्यूझीलंडच्या पीटर बेलिसने जिंकलेली, तीही अबर्डीनला, म्हणजे फास्ट हिरवळीवर वाढलेल्या माणसाने स्कॉटलंडच्या मंद गवतावर. उलटा प्रवाससुद्धा होतो, सांगायचं एवढंच की मोठे खेळाडू सगळे असेच जुळवून घेणारे असतात. तर ब्रायंटचं पहिलं जागतिक विजेतेपद १९६६ चं, हे तिसरं १९८८ चं, मध्ये बावीस वर्षं. या बावीस वर्षांत बोल बनवायची पद्धत बदलली, टीव्ही आला, बक्षिसाचे पैसे आले, समोर पूर्ण नवी पिढी आली. जो माणूस फक्त ताकदीवर किंवा फक्त आत्मविश्वासावर खेळत असतो तो एवढ्या बदलात कुठेतरी गळतो. ज्याचं सगळं भांडवल वेट आणि रेषा हेच आहे त्याला समोर कोण आहे याने फारसा फरक पडत नाही, कारण जॅक तोच असतो.

पेअर्सबद्दल लोक कमी बोलतात. ऑलकॉक त्याच्यापेक्षा जवळपास चोवीस वर्षांनी लहान, आणि १९८६ आणि ८७ ला इनडोअर सिंगल्सचा जागतिक विजेता झालेला, म्हणजे त्या घडीला एकट्याच्या खेळात तोच वरचढ. अशा जोडीदाराबरोबर खेळताना ज्येष्ठ चॅम्पियनला स्वतःचं मोठेपण बाजूला ठेवावं लागतं, आणि ते सगळ्यांना जमत नाही, मी उत्तम सिंगल्स खेळाडू पेअर्समध्ये भांडून वेगळे झालेले बघितलेत. या दोघांनी १९८६, ८७, ८९, ९०, ९१, ९२ अशी सहा वेळा जागतिक पेअर्स जिंकली. ऑलकॉक पुढे १९९२ आणि १९९६ ला मैदानी जागतिक सिंगल्सही जिंकला. त्याने ब्रायंटकडून काय घेतलं हे तोच जाणे, पण त्याचा संयम बघताना मला तरी ब्रायंट आठवतो.

सन्मान भरपूर मिळाले, १९६९ ला एमबीई, १९८० ला सीबीई, दोन्ही ब्रिटिश सरकारचे किताब. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो गेला, ८८ वर्षांचा होता.

तुम्ही प्रश्नात शेवटी विचारलंय की आज कोणाला या खेळात करियर करायचं असेल तर ब्रायंटकडून काय घ्यावं. पाइप नको आणि बसायची पद्धतही लगेच नको. मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक सराव देतो, तो सांगतो. जॅक न ठेवता खेळायचं. पहिला बोल २३ मीटरच्या आसपास थांबवा, दुसरा त्याच्या एक मीटर पुढे, तिसरा त्याच्याही एक मीटर पुढे, चौथा अजून एक मीटर. मग उलटे या, लांबून जवळ. मग फोरहँडने (एका बाजूने वळवत) झालं की बॅकहँडने (दुसऱ्या बाजूने). सकाळी ओल्या हिरवळीवर करा आणि त्याच दिवशी दुपारी वाळलेल्या हिरवळीवर करा, आणि दोन्ही वेळचे सेकंद मोजून वहीत लिहा. पहिले दोन-तीन महिने चिडचिड होते, कारण जवळ नेण्याचा आनंदच मिळत नाही, टाळ्या मिळत नाहीत, बरेच जण इथेच सोडून मॅचेस खेळायला पळतात. जे थांबतात त्यांचा हात साधारण एका सीझनमध्ये नवीन हिरवळीवर तिसऱ्या-चौथ्या बोलला वेट शोधायला लागतो. तिथून पुढे पहिल्या बोलला वेट सापडेपर्यंत किती वर्षं लागतात ते मला विचारू नका, मी अजून तिथे पोचलो नाहीये, रोज प्रयत्न चालू आहे.